जुनी प्रो बॉडी सेकंड म्हणून घेताय? बेळगाव-खानापूर-निपाणीकडच्या नव्या फोटोग्राफरांसाठी

लग्नाच्या दोन-चार ऑर्डरी स्वतःच्या नावावर यायला लागल्या की सेकंड बॉडीचा, म्हणजे लेन्सशिवायच्या नुसत्या दुसऱ्या कॅमेऱ्याचा, विषय निघतोच. अंतरपाट खाली येतो त्या क्षणी लेन्स बदलत बसायला वेळ नसतो, आणि ऐन मुहूर्तावर शटर अडकलं तर ‘भटजी, जरा थांबा’ म्हणायची सोय नसते. नवा कॅमेरा परवडत नाही. मग नजर जाते ती एके काळी मोठ्या फोटोग्राफरांच्या गळ्यात दिसणाऱ्या बॉड्यांकडे. त्या आता आवाक्यात आल्यात, आणि नीट बघून घेतली तर अजून बरीच वर्षं काम देतात.

इथली पोरं विचारतात, ‘दादा, मार्क थ्री घेऊ की सेव्हन फिफ्टी?’ (म्हणजे कॅननची ५डी मार्क ३ की निकॉनची डी७५०.) मी उलट विचारतो, ‘तुझ्याकडं लेन्स कुठल्या हायत ते सांग की आधी.’ कारण सेकंड बॉडीत मॉडेलचा नंबर तिसरा लागतो. पहिल्या बॉडीशी जमतं का हा पहिला प्रश्न, समोरचा नग किती धड आहे हा दुसरा. खालची सगळी क्रमवारी याच हिशेबाने लावली आहे.

१. सेकंड बॉडी कशासाठी हवी ते आधी ठरवा

काही जणांना ती फक्त अडीनडीला हवी असते. पिशवीत पडून राहील, पहिली बंद पडली तर बाहेर निघेल. अशांनी जास्त पैसे घालू नयेत.

बहुतेकांना मात्र दोन्ही बॉड्या अंगावर हव्या असतात, एकीला २४-७० एमएमची लेन्स आणि दुसरीला ७०-२०० किंवा ८५. इथे दुसरी बॉडी अंधारात आणि फोकसमध्ये पहिलीच्या जवळपास हवी. नाहीतर अल्बममध्ये एक फोटो स्वच्छ आणि शेजारचा दाणेदार, असं दिसतं. शहरातल्या कार्यालयांत पिवळ्या-जांभळ्या एलईडींची खिचडी असते, खेड्यातल्या मांडवात दोन हॅलोजनवर भागवलेलं असतं. दोन्हीकडे आयएसओ (सेन्सरची उजेड टिपायची संवेदनशीलता) ३२०० च्या खाली राहणं अवघड.

तिसरा गट वेगाचा. कुस्तीचं मैदान, बैलगाडा शर्यत, क्रिकेटच्या स्पर्धा. त्यांना सेकंदाला आठ-दहा फ्रेम आणि झपाट्याने पकडणारा फोकस लागतो, मेगापिक्सेल कमी चालतात. बेळगावच्या शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक काढायची असेल तर वेग आणि अंधार दोन्ही एकदम लागतात, कारण ती रात्रभर चालते.

२. माउंट, बॅटरी, कार्ड: या तिन्हींची जोडी जुळवा

पहिली बॉडी कॅननची असेल तर दुसरी कॅननची, निकॉनची असेल तर निकॉनची. स्वस्तात मिळतोय म्हणून दुसऱ्या कंपनीचा घेतला की लेन्स, फ्लॅश, ट्रिगर, चार्जर सगळंच दुप्पट होतं.

माउंट (लेन्स बसते ती जागा) एकाच कंपनीचं असूनही अडचण येते, ती अशी:

- कॅननच्या ईएफ-एस लेन्स (१८-५५, १८-१३५ यांसारख्या क्रॉपसाठीच्या, म्हणजे छोट्या सेन्सरच्या बॉड्यांसाठीच्या) ५डी, ६डी किंवा १डी मालिकेवर बसतच नाहीत. फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरची बॉडी) घेणार असाल तर ईएफ लेन्स आहे का ते बघा.
- निकॉनच्या डीएक्स लेन्स फुल फ्रेमवर बसतात, पण कॅमेरा चित्र कापून घेतो. २४ मेगापिक्सेलच्या डी७५० वर मग सुमारे १० मेगापिक्सेलच उरतात.
- पहिली बॉडी मिररलेस (आतल्या आरशाशिवायची नवी) असेल तर जुन्या लेन्स ॲडॉप्टरने तिच्यावर चालतात. पण उलटं होत नाही. कॅननची आरएफ किंवा निकॉनची झेड लेन्स डीएसएलआरवर (आरसा असलेल्या जुन्या बॉडीवर) कधीच बसणार नाही. सगळ्या लेन्स आरएफ असतील तर जुनी ५डी घेण्यात अर्थ नाही.
- निकॉनची जुनी ५० एमएम १.८डी खूप जणांकडे आहे. तिला बॉडीतली मोटर लागते. डी३००० आणि डी५००० मालिकांवर ती ऑटोफोकस करत नाही, खाली सांगितलेल्या सगळ्या निकॉन बॉड्यांवर करते.

बॅटरीचं गणित लोक विसरतात. कॅननची एलपी-ई६ ही ५डी मार्क २, मार्क ३, ६डी, ७डी, ६०डी, ७०डी, ८०डी या सगळ्यांना चालते. निकॉनची ईएन-ईएल१५ डी७५०, डी८००, डी६१०, डी७००० यांना चालते. दोन्ही बॉड्यांना एकच बॅटरी असली की खेड्यावरच्या लग्नात लाइट गेली तरी एकाच चार्जरवर आणि चार बॅटऱ्यांवर दिवस निघतो. मोठ्या उभ्या ग्रिपच्या बॉड्यांची बॅटरी वेगळी असते, महाग असते आणि अस्सल मिळायला फिरावं लागतं.

कार्डांचं तसंच. एसडी कुठल्याही मोबाईलच्या दुकानात मिळतं. सीएफ आता मागवून घ्यावं लागतं. एक्सक्यूडी तर विचारूच नका.

३. कुठलं मॉडेल कुणासाठी

मेगापिक्सेलचा एक सोपा हिशेब करून ठेवा. आपल्याकडे लग्नाचा अल्बम बहुधा १२ बाय ३६ चा असतो. एकच फोटो पूर्ण छत्तीस इंचावर पसरला तर १२ मेगापिक्सेलच्या निकॉन डी७०० च्या ४२५६ पिक्सेलमधून इंचाला सुमारे ११८ पिक्सेल येतात. डी७५० च्या ६०१६ मधून सुमारे १६७, आणि ५डी मार्क ३ च्या ५७६० मधून १६०. म्हणजे १२ मेगापिक्सेलवर अर्ध्या पानाचे फोटो मजेत निघतात, पण डिझायनरने जोडप्याचा फोटो कापून पूर्ण पसरला की ओढाताण होते.

*कॅननवाले*

५डी मार्क ३ (२०१२) ही माझी पहिली पसंती. २२.३ मेगापिक्सेल, ६१ फोकस पॉइंट, सेकंदाला ६ फ्रेम, सीएफ आणि एसडी असे दोन स्लॉट. लग्नाला यापेक्षा जास्त लागत नाही. दोन गोष्टी माहीत असू द्या. तिचा एसडी स्लॉट हळू आहे, दोन्ही कार्डांवर रॉ (कच्ची, जड फाइल) लिहायला लावलं की कॅमेरा एसडीच्या वेगाने चालतो आणि बर्स्ट (सलग झटपट फ्रेम) अडकतो. मी सांगेन, सीएफवर रॉ आणि एसडीवर जेपेग ठेवा. दुसरं, अंडर (काळपट) झालेला फोटो नंतर खूप उचलला की सावल्यांत पट्टे दिसतात. एक्स्पोजर जागेवरच नीट घ्यायची सवय लावा.

५डी मार्क २ (२००८) ची चित्रं आजही देखणी, २१.१ मेगापिक्सेल. पण फोकसचे मुख्य पॉइंट नऊच आणि भरवसा फक्त मधल्याचा. वेग ३.९ फ्रेम, स्लॉट एक. पिशवीतली बॉडी म्हणून ठीक.

६डी (२०१२) अंधारात मधल्या पॉइंटवर फार छान पकडते, हलकी आहे, वाय-फाय आहे. मात्र अकरा पॉइंटपैकी क्रॉस टाइप (आडव्या-उभ्या दोन्ही रेषा पकडणारा) एकच, कार्ड एकच, आणि शटर १/४००० पर्यंतच. दुपारी उघड्यावर लेन्सचं छिद्र १.८ ला मोठं उघडून फोटो काढणाऱ्यांना ते जाणवतं. कँडिडवाल्यांनी विचार करावा. विधी काढणाऱ्यांनी एक कार्ड असलेल्या बॉडीवर सगळा भार टाकू नये.

१डी एक्स (बाजारात २०१२) म्हणजे दणकट माल. १८.१ मेगापिक्सेल, १२ फ्रेम, दोन सीएफ. कुस्ती आणि मिरवणुकीसाठी हिच्यापुढे वरच्या तिघी लुटुपुटुच्या वाटतात. पण बॅटरीसह दीड किलोच्या आसपास वजन. सकाळच्या हळदीपासून रात्रीच्या वरातीपर्यंत दुसऱ्या खांद्यावर ती वागवून बघा, मग ठरवा. शिवाय बर्स्टचा आवाज एवढा की शांत पूजेत सगळी मान वळवून बघतात.

वेग हवा आणि पैसे कमी, तर ७डी मार्क २ (२०१४): क्रॉप सेन्सर, १० फ्रेम, ६५ पॉइंट, दोन स्लॉट. दिवसाउजेडी शर्यतींना फार चांगली, रात्रीच्या मांडवात मात्र जरा कमी पडते.

१डी मार्क ४ (२००९) चा सेन्सर मधल्या आकाराचा, १.३ क्रॉपचा. तुमची २४-७० तिच्यावर साधारण ३१-९१ सारखी दिसते. चालत असेल तर घ्या. १डी मार्क ३ (२००७) च्या फोकसच्या तक्रारी जगभर गाजल्या होत्या, आणि पहिल्या ५डी (२००५) चा आरसा निखळून पडायचा. या दोन्हींच्या वाट्याला आता जाऊ नका, कितीही स्वस्त असल्या तरी.

*निकॉनवाले*

डी७५० (२०१४) घ्या. २४.३ मेगापिक्सेल, ६.५ फ्रेम, दोन एसडी स्लॉट, वर-खाली कलणारा स्क्रीन, अंधारात उत्तम फोकस. सावल्या उचलायला ही कॅननपेक्षा जास्त सोसते. काळा सूट घातलेला नवरा आणि मागून उजेड, अशा फोटोत फरक कळतो. मात्र काही काळात बनलेल्या नगांच्या शटरमध्ये दोष होता आणि कंपनीने ते फुकट बदलून दिले. सुरुवातीच्या काही नगांत समोरून दिवा आला की चित्रात विचित्र फ्लेअर कापल्यासारखा दिसायचा, तोही दुरुस्त करून दिला. ट्रायपॉडचा स्क्रू बसतो त्या भोकात टॉर्च मारा. आत एक काळा ठिपका दिसला तर फ्लेअरचं काम झालेलं आहे. शटरचं मात्र सिरियल नंबर देऊन निकॉनकडेच विचारायचं.

डी६०० (२०१२) च्या सेन्सरवर तेलाचे आणि धुळीचे ठिपके पडायचे. पुढे निकॉनने शटर बदलून दिलं. तशी पावती विकणाऱ्याकडे असेल तर ही स्वस्तात मस्त पडते. पावती नसेल तर थोडे जास्त घालून डी६१० (२०१३) घ्या, ती त्याच कॅमेऱ्याची सुधारलेली आवृत्ती.

डी८०० (२०१२) ३६.३ मेगापिक्सेलची. ग्रुप फोटो आणि मोठ्या फ्रेमसाठी अप्रतिम, पण सेकंदाला चारच फ्रेम, आणि रॉ फायली एवढ्या जड की साधा लॅपटॉप रडतो. सुरुवातीच्या नगांत डाव्या बाजूचे फोकस पॉइंट चुकायचे. घेताना ते वेगळे तपासा.

डी७०० (२००८) वर माझा जीव आहे. डी३ चाच सेन्सर, हातात घेतली की खरी वस्तू हातात आल्यासारखी वाटते. पण १२.१ मेगापिक्सेल, एकच सीएफ, व्हिडिओ नाही. आज नव्याने धंद्यात येणाऱ्याला मी ती घे म्हणणार नाही. डी३एस (२००९) तेवढ्याच मेगापिक्सेलची, पण रात्रीची राणी. मिरवणुका काढणाऱ्यांनी अजून शोधावी. डी४ (२०१२) मध्ये एक सीएफ आणि एक एक्सक्यूडी स्लॉट आहे, आणि तो नवीन सीएफएक्सप्रेस कार्ड घेत नाही. व्यवहारात तो एका कार्डाचा कॅमेरा समजूनच चाला.

*सोनीवाले*

ए७ २ (२०१४) आणि ए७ ३ (२०१८) यांत गोंधळू नका. पहिलीची बॅटरी छोटी, कंपनीच्याच मोजणीत सुमारे ३५० फोटोंची, आणि कार्ड एक. दुसरीची सुमारे ७०० फोटोंची, कार्डं दोन. पैसे साठेपर्यंत थांबा, पण ए७ ३ च घ्या.

४. कुठे आणि कधी शोधायचं

सगळ्यात चांगली बॉडी ओळखीतून मिळते. तुम्ही ज्यांच्या हाताखाली काम केलंत त्यांना सांगून ठेवा. कॅमेरा कुठल्या कामाला वापरला, कधी पडला, कधी दुरुस्त केला, हे त्यांनाच ठाऊक असतं. त्यानंतर अल्बम छापणाऱ्या लॅबवाल्यांना विचारा, कोण मिररलेसवर चाललाय ते त्यांना सगळ्यात आधी कळतं. मग कोल्हापूर आणि हुबळीची दुकानं. दोन्ही शहरं सकाळी जाऊन संध्याकाळी परत यायच्या अंतरावर आहेत. त्यातूनही नाही मिळालं तर पुणे, बेंगळुरू किंवा मुंबईचा फोर्ट.

काळ बघाल तर आषाढ-श्रावण घेणाऱ्याच्या बाजूचा. लग्नं नसतात, विकणाऱ्याला पैशाची गरज असते, आणि तुम्हाला तुळशीच्या लग्नापर्यंत बॉडी वापरून बघायला सवड मिळते. दिवाळीनंतर तीच बॉडी भाव खाते.

जी रक्कम ठरवली असेल त्यातले १५-२० टक्के बाजूला ठेवा: एक नवी बॅटरी, दोन कार्डं, सेन्सरची सफाई. हा खर्च हमखास येतोच.

५. बघायला जाताना सोबत काय न्यायचं

- तुमची स्वतःची लेन्स आणि फ्लॅश, चालू स्थितीतले
- पूर्ण चार्ज केलेली बॅटरी (चालणारी असेल तर)
- त्या बॉडीला लागणारी कार्डं, दोन्ही प्रकारची
- लॅपटॉप, कार्ड रीडर, यूएसबी केबल
- छोटा टॉर्च, मोबाईलचाही चालतो
- एक पांढरा कोरा कागद आणि एक वर्तमानपत्र

विकणाऱ्याला आधीच सांगा, ‘अर्धा-पाऊण तास लागंल, चालतंय न्हवं?’ जो घाई करतो त्याच्याकडून घेऊ नका. दिवसाउजेडी भेटा.

६. प्रत्यक्ष तपासणी

*बाहेरून.* तळ बघा. स्क्रूंच्या खाचा खरवडलेल्या असतील तर बॉडी उघडलेली आहे. उघडणं गुन्हा नव्हे, पण कशासाठी उघडली ते विचारा आणि उत्तर पावतीशी जुळतं का बघा. ग्रिपचं रबर फुगून सैल झालेलं असतं, ते बदलता येतं. माउंटच्या कडेला ठोका असेल तर मात्र उठा.

आपल्याकडे एक खास गोष्ट बघायची असते. मोड डायलच्या दातांत, बटणांच्या कडेला, कार्डाच्या झाकणाच्या खाचेत टॉर्च मारून बघा. तिथे पिवळी रेघ असेल तर कॅमेरा सौंदत्तीच्या यल्लम्माला किंवा चिंचलीच्या मायाक्काला जाऊन आलाय. भंडारा इतका बारीक असतो की पुसलेल्या बॉडीवरही खाचेत राहतो. गुलाबी रेघ म्हणजे गणपतीचा गुलाल. नुसत्या रेघेवरून बॉडी नाकारू नका, पण डायल सगळीकडे सारख्या अंगाने फिरतो का, बटणं दाबून सुटतात का, हे मग दुप्पट बारकाईने बघा.

*सेन्सर.* एफ/१६ ठेवा, फोकस मॅन्युअल करा, कोऱ्या कागदाचा फोटो काढा आणि लॅपटॉपवर शंभर टक्के मोठा करून कोपऱ्याकोपऱ्यातून बघा. धुळीचे ठिपके सफाईने जातात. सरळ रेघ किंवा ओरखडा जात नाही. मग झाकण लावून आयएसओ १६०० ला दहा-वीस सेकंदांचा फोटो घ्या. दोन-चार चमकते ठिपके जुन्या बॉडीत असतातच. पण रंगीत पट्टी किंवा ठिपक्यांचा एकच पुंजका दिसला तर संशय घ्या. वरातीतल्या डीजेच्या लेझरने सेन्सर जळतो, विशेषतः ज्या कॅमेऱ्यावर व्हिडिओ काढलेत त्याचा. हा प्रकार आपल्या भागात वाढलाय आणि त्याला सेन्सर बदलण्यावाचून इलाज नाही. तेवढ्या पैशांत दुसरी बॉडी येते.

*शटर.* कोऱ्या आकाशाकडे धरून १/८००० ला (६डी, डी७५०, डी६०० आणि डी६१० वर १/४०००) बर्स्ट काढा. कुठल्याही फ्रेमच्या वर किंवा खाली काळसर पट्टी असेल तर शटर थकलंय. तोच प्रयोग फ्लॅश लावून सिंकच्या वेगाला (फ्लॅशसोबत चालणाऱ्या सर्वांत जास्त शटर वेगाला) करा.

*फोकस.* वर्तमानपत्र भिंतीला चिकटवा. मधला पॉइंट, मग चारही टोकांचे पॉइंट, प्रत्येकावर दोन-तीन फोटो. लेन्स तुमची ओळखीची आहे, म्हणून चूक बॉडीची की लेन्सची हे लगेच समजतं. थोडं पुढे-मागे असेल तर मेनूतल्या ॲडजस्टमेंटने सुधारतं. प्रत्येक वेळी वेगळीकडे चुकत असेल तर सोडून द्या.

*कार्ड आणि बॅटरी.* सीएफ स्लॉटच्या आत टॉर्च मारा. एकूण पन्नास पिनांच्या दोन सरळ ओळी दिसल्या पाहिजेत. एक पिन जरी वाकडी असेल तर कार्ड घालूच नका, ती मोडून पडेल. दोन्ही स्लॉटवर फोटो लिहून, लॅपटॉपवर उघडून बघा. बॅटरीची तब्येत मेनूत दिसते. निकॉनमध्ये ० ते ४ असा आकडा येतो, ० म्हणजे ताजी. कॅननमध्ये तीन हिरव्या चौकटी म्हणजे चांगली, एक लाल म्हणजे बदलायची.

*ओल.* विकणारा खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडचा असेल तर व्ह्यूफाइंडरमधून पांढऱ्या कागदाकडे बघा आणि बुरशीच्या कोळ्यासारख्या जाळ्या आहेत का ते शोधा. तिकडच्या पावसात कपाटात ठेवलेल्या बॉड्यांनाही ओल लागते. बॉडीसोबत लेन्सही मिळत असेल तर तिच्या आतही टॉर्च मारा. बुरशीची लेन्स फुकट दिली तरी घरी आणू नका, आपल्या चांगल्या लेन्सशेजारी तर मुळीच ठेवू नका.

शेवटी पाच-दहा मिनिटं व्हिडिओ चालू ठेवा आणि तेवढ्यात हॉट शूवर फ्लॅश, यूएसबी, जॉयस्टिक सगळं वापरून घ्या.

७. शटर काउंटचा आकडा कसा वाचायचा

शटर काउंट म्हणजे आतापर्यंत शटर किती वेळा उघडलं तो आकडा. कंपनी शटरचं आयुष्य सांगते: ६डी एक लाख, ५डी मार्क २, मार्क ३, डी७००, डी७५० प्रत्येकी दीड लाख, डी८०० आणि ७डी मार्क २ दोन लाख, १डी एक्स आणि डी४ चार लाख. हे आकडे म्हणजे मरणाची तारीख नव्हे. कुणाचं पन्नास हजारांत जातं, कुणाचं दुप्पट चालतं. मी एवढंच बघतो की निम्म्याच्या आत आहे का, आणि नसेल तर किंमत तेवढी उतरली आहे का.

निकॉनचा आकडा फोटोच्या फाइलमध्येच असतो, एक्झिफटूल या फुकट सॉफ्टवेअरने दिसतो. भेटीआधीच विकणाऱ्याकडून कॅमेऱ्यातला थेट जेपेग मागवा, व्हॉट्सॲपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून. साधा फोटो म्हणून पाठवला तर व्हॉट्सॲप ती माहिती काढून टाकतं. कॅननच्या बहुतेक बॉड्यांत हा आकडा फोटोत नसतो, कॅमेरा केबलने लॅपटॉपला जोडून सॉफ्टवेअरने वाचावा लागतो. १डी एक्स मध्ये तो मेनूतच आहे.

आकडा फार कमी आणि बॉडी घासून गुळगुळीत, असं असेल तर शटर बदललेलं असणार. ती चांगलीच गोष्ट, फक्त पावती मागा. आणि व्हिडिओसाठीच वापरलेल्या बॉडीचा आकडा कमी असतो, पण सेन्सर तासन् तास तापलेला असतो, हेही ध्यानात ठेवा.

८. कागदपत्रं

- मूळ बिल. कोल्हापूरचं मराठी-इंग्रजी असो की हुबळीचं कन्नड, फरक पडत नाही. त्यावर सिरियल नंबर हवा.
- बॉक्स असेल तर त्यावरचा नंबर, बॉडीच्या तळाचा नंबर आणि फोटोच्या फाइलमधला नंबर. तिन्ही एकच हवेत. तळाचं स्टिकर खरवडलेलं असेल तर व्यवहार तिथेच थांबवा.
- दुरुस्तीच्या पावत्या.
- विकणाऱ्याच्या ओळखपत्राची प्रत.
- साध्या कागदावर विक्रीची चिठ्ठी: मॉडेल, सिरियल नंबर, रक्कम, तारीख, ‘हा कॅमेरा माझ्या मालकीचा असून आजपासून अमुक यांना विकला आहे’, दोघांच्या सह्या.
- पैसे शक्यतो यूपीआय किंवा बँकेतून, म्हणजे नोंद राहते.

दुकानातून घेत असाल तर पक्कं बिल आणि निदान महिनाभराची लेखी हमी मागा. जीएसटी नोंदणी असेल तर बिलावर तुमचा नंबर घालून घ्या.

बिल हरवलंय असं खूप जण सांगतात आणि ते बऱ्याचदा खरंही असतं. ओळखीचा माणूस असेल तर चिठ्ठीवर भागतं. अनोळखी असेल आणि बिल, बॉक्स, चार्जर तिन्ही नसतील, तर तो कॅमेरा चोरीचा असू शकतो.

९. फसवणुकीचे ठरलेले प्रकार

सगळ्यात जुना प्रकार म्हणजे ‘मी फौजी आहे, बदली झाली, कॅमेरा अर्ध्या किमतीत देतो’. सोबत गणवेशातला फोटो आणि कँटीनचं कार्ड. बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र असल्याने आपल्याला हे पटकन खरं वाटतं, कॅम्पात असे कितीतरी लोक राहतातच. मग भेटायला नकार येतो आणि ‘वाहतुकीचे’ पैसे आधी मागितले जातात. कॅमेरा हातात धरल्याशिवाय एक रुपयाही द्यायचा नाही.

तुम्ही जुनी बॉडी विकत असाल तर उलटा प्रकार होतो. समोरचा क्यूआर कोड पाठवतो, ‘स्कॅन करून पिन टाका, पैसे येतील’ म्हणतो. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. फसलातच तर वेळ न घालवता १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा.

तिसरा प्रकार साधा, पण रोजचा: फोटो एका बॉडीचे, हातात दिलेली दुसरीच. म्हणून आधी मागवलेल्या जेपेगमधला सिरियल नंबर लिहून न्या.

१०. घरी आणल्यावर

मेनू पूर्ण रिसेट करा, फर्मवेअर बघा, सेन्सर साफ करून घ्या. मग दोन्ही बॉड्यांची घड्याळं सेकंदापर्यंत जुळवा. हे ऐकायला किरकोळ वाटतं, पण दोन कॅमेऱ्यांचे फोटो वेळेनुसार लावताना मंगळसूत्र आधी आणि अक्षता नंतर आल्या की डिझायनर तुम्हालाच फोन करतो. फाइलच्या नावाची पहिली अक्षरं प्रत्येक बॉडीला वेगळी ठेवा, नाहीतर एकाच फोल्डरमध्ये टाकताना फोटो एकमेकांवर चढतात.

रंग जुळवायला दोन्हींवर एकच पिक्चर प्रोफाइल आणि व्हाइट बॅलन्स केल्व्हिनमध्ये आकडा घालून ठेवा. ऑटोवर सोडलं तर तीच शालू एका कॅमेऱ्यात राणी रंगाची आणि दुसऱ्यात लाल दिसेल. फोकसचं बटण, आयएसओचं बटण, दोन्हीकडे शक्य तेवढं सारख्या जागी लावा. बोटांना विचार करायला लागता कामा नये.

पहिल्या एक-दोन कामांत मुख्य विधी जुन्या भरवशाच्या बॉडीवर काढा. नवीन आलेली बॉडी सजावट, जेवणावळी, पाहुणे यांवर चालवा. बारसं, साखरपुडा अशा छोट्या कामांवर तिला पूर्ण दिवस राबवा, म्हणजे बॅटरी किती टिकते, गरम झाल्यावर अडकते का, ते समजेल. दुकानाची महिन्याची हमी असेल तर ही परीक्षा त्या महिन्यातच उरका.

पावसाळ्यात दोन्ही बॉड्या हवाबंद प्लास्टिकच्या डब्यात सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक घालून ठेवा, काटा ४० ते ५० टक्क्यांत राहू द्या. जेलचा रंग बदलला की कढईत मंद आचेवर परतून पुन्हा वापरता येतं. डबा नसेल तर निदान चामड्याच्या किंवा कापडी पिशवीत बंद करून कपाटात टाकू नका, बाहेर वाऱ्यावर ठेवलेला कॅमेरा त्यापेक्षा बरा राहतो.